खान्देशच्या कोरड्या हवेत शंखातला खेकडा सांभाळताना

धुळ्यात मे महिन्याच्या दुपारी ओला टॉवेल दोरीवर टाकला, की आपला चहा पिऊन होईपर्यंत तो वाळून कडक होतो. घरात प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेला हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारा खेकडा, त्याच हवेत श्वास घेत असतो. जमिनीवर राहत असला तरी तो श्वास कल्ल्यांनी घेतो, आणि कल्ले ओलसर असले तरच हवेतला प्राणवायू त्याला मिळतो. कल्ले वाळत गेले की तो गुदमरतो. हे एका दिवसात होत नाही, आठवडेच्या आठवडे चालतं. वरून तो फक्त सुस्तावलेला दिसतो, आणि आपल्याला वाटतं उन्हाने दमला असेल.

आमच्याकडे पहिले दोन खेकडे भाच्याने आणले. कोकणच्या सहलीवरून येताना किनाऱ्यावरच्या एका विक्रेत्याकडून घेतलेले. लाल-निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले शंख, जाळीच्या झाकणाचा डबा, तळाला मूठभर रंगीत खडे आणि एक ओला स्पंज. ‘रोज पाणी शिंपडा, बिस्किटाचा चुरा टाका,’ एवढीच सूचना मिळालेली. सासूबाईंनी डब्यात डोकावून विचारलं, “हाई काय शे वं?” आणि खेकडा झटकन आत गेला तशा खुदकन हसल्या. एप्रिलच्या अखेरीस त्यातला एक शंखाबाहेर अर्धा लोंबकळत पडला आणि गेला. दुसऱ्याला मी घाईघाईने ओल्या रेतीच्या मोठ्या डब्यात हलवलं. तो रेतीत शिरला तो तीन आठवडे वर आलाच नाही. मेला असेल, वास सुटेल, म्हणून मी चमच्याने उकरलं. आत तो जिवंत होता. पांढरट, लोण्यासारखा मऊ. कात टाकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला सापडला. पुढचं सगळं मी लिहिते आहे ते त्या चमच्यामुळे.

आणण्याआधी

जमिनीवरचे हे खेकडे सीनोबिटा या वंशातले. मादी अंडी समुद्राच्या पाण्यात सोडते, पिल्लं काही आठवडे पाण्यात तरंगत वाढतात, मग इवलासा शंख शोधून जमिनीवर येतात. घरातल्या टाकीत हे चक्र पुरं करणं अतिशय कठीण आहे. त्यामुळे बाजारात दिसणारे जवळपास सगळे खेकडे कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून उचललेले असतात. निसर्गात हा प्राणी तीस वर्षांहूनही जास्त जगू शकतो, आपल्या घरी तो बहुधा वर्षही पाहत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवा विकत घेऊ नये आणि किनाऱ्यावरून स्वतः तर मुळीच उचलून आणू नये. ओळखीपाळखीत कुणीतरी हौसेने आणून कंटाळलेला असतोच, तो मागून घ्या. सध्या माझ्याकडे असलेले तिघेही तसेच आलेत. एकटा ठेवू नका. हे कळपाने राहणारे जीव आहेत, साधारण एकाच आकाराचे दोन-तीन एकत्र बरे राहतात. कुणी ‘नारळखेकड्याचं पिल्लू’ म्हणून काही देऊ केलं, तर हात लावू नका. निकोबार बेटांवरचा तो मोठा खेकडा याच घराण्यातला आहे, लहानपणी तोही शंखात राहतो, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे. काही समुद्री शंखांनाही तेच लागू होतं, त्यामुळे मोठे देखणे शंख कुणाकडूनही घेताना चौकशी करा.

टाकी आणि रेती

जाळीचा पिंजरा आपल्या हवेत निरुपयोगी आहे. काचेचा फिश टँक घ्या. दोन-तीन लहान खेकड्यांना दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी पुरते. गळकी, माशांसाठी बाद झालेली टाकी चालते आणि स्वस्तातही मिळते. वर काचेचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं झाकण हवं. हवेसाठी बोटभर फट ठेवा, त्याहून जास्त नको. झाकणावर वजन ठेवा, कारण हे खेकडे कोपऱ्यातल्या सिलिकॉनला धरून वर चढतात आणि पातळ झाकण सहज सरकवतात.

तळाला किमान सहा इंच रेती. खेकडा मोठा असेल तर शंखासकट त्याच्या उंचीच्या तिप्पट. एवढी ओली रेती चाळीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा टाकी टीपॉयवर ठेवू नका. भक्कम ओटा किंवा लोखंडी स्टँड पाहा आणि तिथेच भरा. भरलेली टाकी हलवता येत नाही.

रेती नदीची घ्या. बांधकामाची क्रश सँड टोकदार असते, ती नको. बारीक चाळणीने चाळायची, बादलीत पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची, मग जुन्या कढईत चांगली तापवून गार करायची. पाच भाग रेतीला एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा. कोकोपीट नर्सरीत मिळतं, पण खत मिसळलेलं नाही याची खात्री करा आणि तेही दोन-तीन पाण्यांतून काढा. आता ओलावा. मूठभर मिश्रण दाबलं की त्याचा लाडू वळला पाहिजे, बोट खुपसलं तर भोक तसंच राहिलं पाहिजे आणि मुठीतून पाण्याचा थेंब गळता कामा नये. लाडू फुटला तर खेकड्याचं बीळ त्याच्यावर कोसळेल. पाणी गळलं तर तळाशी चिखल होऊन रेती कुजेल. सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ मी या लाडवाला देते.

वर चढायला लाकडाचे ओंडके, नारळाच्या करवंट्या, मातीची फुटकी कुंडी असं काहीही ठेवा. कडुनिंबाच्या फांद्या आपल्याकडे हाताशी असतात, त्या मात्र टाळा. कडुनिंब कीटकांना मारक आहे आणि खेकडा कीटकांचा दूरचा नातेवाईक. रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन पसरली तर ते त्यांच्याखाली लपतात आणि ती कुरतडतातही.

दमटपणा आणि उष्णता

टाकीतली आर्द्रता 75 ते 85 टक्के आणि तापमान 24 ते 29 अंश सेल्सिअस, हे दोन आकडे टाकीवर चिकटवून ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो, हवेत ओलावा जवळजवळ नसतो. पावसाळ्यात काही करावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खालीही येतो. म्हणजे वर्षातले निदान सात-आठ महिने टाकीतली हवा आपल्याला सांभाळावी लागते.

हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मापक, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, पण स्वस्तातला सरळ विश्वासाने वापरू नका. तपासायची रीत घरगुती आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चार थेंब पाणी टाकून ते दाटसर ओलं करा. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत घालून रात्रभर बंद ठेवा. ओल्या मिठावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी तुमचा काटा 68 दाखवत असेल तर तो सात टक्के कमी दाखवतो आहे, तेवढे कायम मिळवून धरा. माझा पहिला हायग्रोमीटर अकरा टक्के जास्त दाखवत होता. मी 80 वाचून निश्चिंत होते आणि आत 69 होतं.

रेती नीट ओली आणि झाकण नीट बंद असेल, तर शिंपडण्याची गरज फारशी पडत नाही. उन्हाळ्यात टाकी घराच्या आतल्या भिंतीला, तळमजल्यावर ठेवा. पत्र्याचं घर असेल किंवा गच्चीखालची खोली असेल तर मेमध्ये ती जागा बदला. पत्र्याखाली दुपारी काच हाताला चटका देते. काचेला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं की बराच फरक पडतो. पाण्याची गोठवलेली बाटली जुन्या कापडात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा, आत कधीच ठेवू नका. पारा 32 च्या वर सरकला तर थांबू नका, खेकडे त्यानंतर झपाट्याने खालावतात. कूलर खोलीत असणं चांगलंच, फक्त त्याचा झोत टाकीवर नको. वीज गेली की कूलर बंद आणि खिडकी उघडी अशी आपली सवय. त्या वेळी गोणपाट पुन्हा ओलं करा आणि झाकणाची फट कापडाने अर्धी झाका.

थंडीत पिवळा बल्ब लावू नका, तो हवा वाळवतो. माशांच्या किंवा सरड्यांच्या दुकानातला हीट मॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी पातळ चटई, टाकीच्या मागच्या काचेला, रेतीच्या पातळीच्या वर, बाहेरून लावा आणि तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडा. तळाला लावला तर खाली पुरून बसलेला खेकडा भाजतो. मॅट मिळेपर्यंत रात्री तीन बाजूंनी गोधडी गुंडाळली तरी तीन-चार अंश राखता येतात.

पाणी: एक गोडं, एक खारं

दोन वाट्या हव्यात, दोन्हींत शंखासकट बुडता येईल इतकी खोली, आणि बाहेर यायला गोट्यांची पायरी. खेकडे दोन्ही पाणी शंखात भरून घेतात आणि आपल्याला हवं तसं मिसळतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते कल्ल्यांना जाळतं. धुळ्यात पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, आपण ते साठवतो, वरून तुरटी किंवा ब्लीचिंगची पावडर टाकतो. तसलं पाणी थेट टाकीत नको. फिश टँकच्या दुकानात ‘अँटिक्लोरीन’ मिळतं, बाटलीवरच्या प्रमाणात घाला. घरच्या आरओ फिल्टरचं पाणीही चालतं.

खाऱ्या पाण्याला स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ अजिबात नको. गोड्या पाण्यातल्या माशांसाठी मिळणारं ‘अ‍ॅक्वेरियम सॉल्ट’सुद्धा नको, इथे बरेच जण फसतात. पाकिटावर ‘मरीन सॉल्ट’ लिहिलेलं पाहा. आपल्याकडे ते बहुतेक ऑनलाइन मागवावं लागतं. एक लिटर क्लोरीन काढलेल्या पाण्यात 35 ग्रॅम, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. दोन्ही पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. डब्यासोबत येणारा स्पंज फेकून द्या, त्यात जंतू वाढतात.

शंख आणि खाणं

दर खेकड्यामागे तीन ते पाच मोकळे शंख टाकीत असावेत, न रंगवलेले, तोंड त्याच्या मोठ्या नांगीपेक्षा किंचित मोठं. शंख पाच मिनिटं उकळून, गार करून ठेवा. रंगवलेल्या शंखातून खेकडा ओढून काढायचा विचारही करू नका. त्याचं मागचं शरीर मऊ आणि उघडं असतं, आणि ओढलं तर तो तुटेल पण सोडणार नाही. साधे शंख शेजारी ठेवा आणि वाट पाहा. माझ्याकडच्या एकाने पाच महिने निळा शंख सोडला नाही. मग एका रात्री मी लाइट न लावता बघत बसले होते. त्याने नव्या शंखाच्या तोंडात नांगी घालून आतून चाचपलं, शंख दोनदा गोल फिरवला, रेतीचा एक कण बाहेर काढला आणि क्षणभरात गुलाबीसर शरीर एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. त्यानंतर बराच वेळ तो जुन्या शंखाला नांगीने धरूनच बसला होता, परत जायचं का ठरवत.

खाण्याचा प्रश्न खान्देशात सोपा आहे. रावेर-यावलची केळी, पपई, ओलं खोबरं, गाजर, कच्चे भुईमुगाचे दाणे, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, धुतलेली सुकी कोळंबी. दररोज संध्याकाळी पाव चमचा पुरे, आणि उरलेलं दुसऱ्या संध्याकाळी काढून टाका. फळ साल काढून द्या. सालीवरच्या फवारणीचं अवशेष धुऊन पूर्ण जात नाही. कांदा, लसूण, लिंबू-संत्री, तळलेलं, मसाल्याचं नको. घरातली पोरं शेवेचा तुकडा टाकतात, त्यांना प्रेमानेच पण ठाम सांगा.

कॅल्शियम लागतं, कारण नवं कवच त्यातूनच घडतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागा; तेच ते, ज्यावर पिंजऱ्यातले पोपट चोच घासतात. एक तुकडा कायम टाकीत राहू द्या. अंड्याची टरफलं भाजून, कुटून दिली तरी चालतात.

विषारी गोष्टी

कीटकांना मारणारं जवळजवळ सगळंच खेकड्यालाही मारतं. मच्छर अगरबत्ती, प्लगमधलं मच्छरांचं द्रव, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू: यांतलं काहीही त्या खोलीत वापरू नका. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय टाकीचं झाकण उघडू नये. आमच्याकडे ही शिस्त सगळ्यांनी मनापासून पाळली, कारण फवारणीने माणसाचं काय होतं ते शेतकऱ्याच्या घराला वेगळं सांगावं लागत नाही.

लाल मुंग्या हा खरा शत्रू. कात टाकत असलेल्या खेकड्याला त्या जिवंत खातात. उपाय आजीच्या जाळीच्या कपाटाचा: स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि वाट्या कोरड्या पडू देऊ नका. उन्हाळ्यात ते पाणी दोन दिवसांत उडतं.

हातात घेताना

आधी हे मान्य करा की त्याला हातात येणं आवडत नाही. तो सहन करतो. आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं, याहून जास्त नको; बाहेरच्या कोरड्या हवेत त्याचे कल्ले वाळत असतात.

हात नुसत्या पाण्याने धुवा आणि पुसा. साबणाचा वास, क्रीम, मच्छरांचं मलम काहीही नको. जमिनीवर सतरंजी टाकून बसा. उभ्याने कधीच धरू नका. चार फुटांवरून फरशीवर पडला तर शंख फुटतो आणि त्याच्यासोबत तोही. शंख मागून, वरच्या बाजूने दोन बोटांत धरा. पाय किंवा मिशा धरू नका. तळहात सपाट आणि ताणलेला ठेवा, त्वचेला सुरकुती पडली की त्याला चिमटा घ्यायला जागा मिळते. त्याला तळव्यावर ठेवून गप्प बसा. आधी डोळे येतील, मग मिशा, मग जांभळट मोठी नांगी. ती बहुधा डावीकडची असते आणि तो आत गेला की तीच दाराचं काम करते. चालायला लागला की दुसरा तळहात पुढे करत जा.

चिमटा बसला तर हात झटकू नका. झटकला की तो आणखी घट्ट धरतो किंवा नांगी तुटून तुमच्या हाताला लटकते. हात त्याच्यासकट टाकीतल्या रेतीवर टेकवा आणि हलवू नका. पायाखाली जमीन आली की बहुतेकदा तो सोडतो. न सोडल्यास कोमट, क्लोरीन काढलेल्या पाण्याची बारीक धार सोडा. मग जखम साबणाने धुवा. तो चिडून चावत नाही. पडायची भीती वाटली म्हणून धरतो, हे लहान मुलांना सांगितलं की मुलांची भीती निम्मी होते.

खेळून झाल्यावर मात्र हात साबणाने चोळून धुवायचे, कारण असल्या प्राण्यांच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. टाकीचं पाणी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये ओतू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना फक्त पाहू द्या, हातात देऊ नका.

कात टाकताना

खेकडा आठवडाभर भरपूर पाणी पितो, मंद होतो, रंग फिका पडतो, डोळ्यांवर धूसरपणा येतो, आणि एक दिवस रेतीत उतरतो. लहान खेकडा चार ते सहा आठवडे, मोठा दोन महिने किंवा त्याहूनही जास्त काळ खाली राहतो. जुनं कवच फोडून तो बाहेर येतो, नवं कडक होईपर्यंत पडून राहतो आणि जुनं कवच खाऊन त्यातलं कॅल्शियम परत घेतो. तुटलेला पायही याच काळात पुन्हा उगवतो.

या दिवसांत उकरू नका, टाकी धुवू नका, रेती बदलू नका. मनाला राहवत नसेल तर रात्री झोपण्याआधी रेतीचा वरचा थर चमच्याच्या पाठीने सपाट करा. सकाळी बारीक टोचल्यासारख्या दोन रांगा दिसल्या तर कुणीतरी फिरून गेलं आहे. आमच्या घरी आता चमचा एवढ्याच कामाला टाकीजवळ येतो.

मेला का, हे फक्त वासाने कळतं. सडक्या मासळीचा, खोलीभर पसरणारा वास येईल, शंकेला जागाच राहत नाही. वर पडलेलं कोरडं, हलकं, पोकळ खेकड्याचं रूप दिसलं तर ती कात असते. ती फेकू नका, त्याला खाऊ द्या. एखादा रेतीच्या वरच कात टाकू लागला तर तळ कापलेली प्लास्टिकची मोठी बाटली, वरचं तोंड उघडं ठेवून, त्याच्याभोवती रेतीत खोल रोवा. इतर खेकडे ताज्या कवचाच्या वासाने त्याच्यावर चाल करतात. वर आल्यानंतरही महिनाभर त्याला हात लावू नका.

गावाला जाताना

दिवाळीत चार दिवस गेलात तर पाणी ताजं भरून, कोरडं खाणं ठेवून जा, काही होत नाही. मे महिन्यात मात्र दोन दिवसांच्या वर टाकी एकटी सोडू नका. आमच्या शेजारच्या वहिनींकडे किल्ली असते. टाकीवर मी चिठ्ठी लावते: गोणपाट सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवा, स्टँडच्या पायांच्या वाट्या भरा, बाटलीतलंच पाणी घाला, आणि कुणी दिसला नाही तरी उकरू नका. गेल्या मेमध्ये परतले तेव्हा चिठ्ठीच्या खाली त्यांनी पेनने लिहून ठेवलं होतं, “दोनच दिसतात. तिसऱ्याला शोधलं नाही.” तो जूनच्या पहिल्या पावसानंतर वर आला, सगळे पाय शाबूत, अंगावर ताजा विटकरी रंग.